टाकीचं झाकण

सासऱ्यांना मी घराबाहेर काढलं असं आमचे नातेवाईक म्हणतात. ते खोटं आहे. मी त्यांना फक्त जीपला हात लावू नका एवढंच सांगितलं होतं. पुढचं त्यांचं त्यांनी केलं. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता बोलताना माझा चेहरासुद्धा हलत नाही.

सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले. पावणे एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते फिटर होते, आणि रिटायर झाल्यावरही घणसोली गावातल्या त्याच भाड्याच्या खोलीत राहत होते. तीस वर्षं एक खोली. बायको गेल्यावर म्हातारा तिथे एकटा काय करणार, म्हणून माझ्या बायकोने त्यांना उचलून आणलं. खोलीपासून आमची बिल्डिंग चालत दहा मिनिटं. सगळं सामान एका रिक्षात मावलं. एक ट्रंक, दोन पिशव्या आणि पान्यांचा लोखंडी डबा. डबा त्यांनी मांडीवर घेतला होता.

लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम. त्यांच्या आईने म्हणे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. आम्हाला मूल झालंच नाही. म्हणजे त्या नियमाने बघितलं तर म्हातारा आमच्याकडे कायमचा तहानलेला, असं मी एकदा बायकोला म्हणालो. मला तो जोक वाटला होता. ती उठून आत गेली.

फुकट खायचं नाही, तर मग काम शोधायचं. सकाळी उठून दूध आणायचे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन बाल्कनीतल्या दोरीला चिमट्याने लावायचे आणि वाळल्या की घड्या घालून ठेवायचे. आपलं ताट आपण घासायचे. सोफ्यावर बसायचे नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे. वाढलेलं तेवढंच खायचे. "अजून घ्या" म्हटलं की ताटावर हात आडवा धरायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि त्या ग्रहाला हे सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू. आपल्याला कोणी टरकून आहे याची एक मजा असते. रबाळ्याला कंपनीत मी डिस्पॅच बघतो. तिथे ट्रकमध्ये माल भरणारेसुद्धा मला 'साहेब' म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात.

आणि माझी जीप होती. जुनी डिझेल जीप, चारही चाकं ओढणारी, वर ताडपत्रीचं छप्पर. एका खडीवाल्याकडून घेतलेली. घेतली तेव्हा बायको म्हणाली, ही उभी कुठे करणार आणि हिला ढकलणार कोण. मी म्हटलं, हिचं सगळं काम मी स्वतः करणार, गॅरेजचं तोंड बघणार नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचो आणि रविवारी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये अंगाला काळं फासून घ्यायचो. एक सुटलेला स्क्रू बसवायला गेलो की दोन नवे सुटायचे. पण मान्य कोण करतो?

एका रविवारी मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम निघेना, म्हणून मी हातोडा घेऊन त्याला बडवत होतो. अख्ख्या सोसायटीला आवाज जात होता. सासरे वरून खिडकीतून बघत असावेत. डबा घेऊन खाली आले. डब्यातून दोन बोल्ट शोधून काढले, ड्रमला असलेल्या दोन भोकांत घातले आणि एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळत गेले. ड्रम गपचूप बाहेर आला.

"ठोकायचं नाय, जावईबापू," ते म्हणाले. "त्याला आपणहून येऊ द्यायचं."

ती भोकं त्याचसाठी असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हो, मी तेच करणार होतो." त्यांनी मान हलवली, जणू खरंच तसं असावं.

त्या दुपारी जेवताना त्यांनी भात मागून घेतला. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. बायकोने वाढला आणि माझ्याकडे बघून डोळे पुसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की म्हाताऱ्याला जीप मिळाली म्हणजे राहण्याचं भाडं मिळालं. पुढे दर रविवारी तेच. सकाळी खाली उतरायचे, वर्तमानपत्र अंथरायचे, काढलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर परत फिरवून ठेवायचे, खडूने खुणा करायचे. दुपारी हात धुऊन यायचे आणि पोटभर जेवायचे. आठवड्यातलं तेवढं एक जेवण ते खरं जेवायचे. बाकीचे सहा दिवस नुसतं निभवायचे.

मी काय करायचो? शेजारी उभा राहून टॉर्च धरायचो. आणि सोमवारी कंपनीत सांगायचो की काल मी स्वतः गिअरबॉक्सचं ऑइल सील बदललं. एकदा फोनवर एका मित्राला म्हणालो, "टेन्शन काय आहे, फुकटचा मेकॅनिक ठेवलाय घरी. दोन वेळचं जेवण टाकायचं." फोन ठेवून वळलो तर ते स्टुलावर बसलेले. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती, घडी घालायची राहिलेली. ती त्यांनी घातली.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या लक्षात आलं की डिझेलच्या टाकीच्या झाकणातलं रबर कुजलंय. उघड्यावर उभी गाडी, टाकीत पाणी गेलं तर वाट लागणार. त्या दिवशी सासरे कोणाच्या तरी कार्याला गेले होते. मी म्हटलं, एवढ्याला काय म्हाताऱ्याची वाट बघायची. बाल्कनीतल्या दोरीवरची एक दुधाची पिशवी ओढली, झाकणाच्या मापाचा गोल कापला आणि झाकणात आतून रबराखाली घट्ट दाबून बसवला. पाच मिनिटांचं काम. पाणी बंद. मी स्वतःवर इतका खूश झालो की वर जाऊन चहा मागितला, आणि मग विसरून गेलो.

पावसाळाभर जीप फार चाललीच नाही. बाजारात जा, ये, एवढंच. पाऊस ओसरल्यावर बायकोला घेऊन मी ठाण्याकडे निघालो आणि अर्ध्या तासात भर रस्त्यात गाडी आचके देऊन बंद पडली. मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत, बायको कपाळाला हात लावून बसलीय. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर सुरू. परत अर्धा तास, परत बंद. घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

सासऱ्यांनी त्या रविवारी डिझेलचा फिल्टर बदलला. लाइनीतली हवा काढली. पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून कुठे फुगा येतो का बघितलं. पार्किंगमध्ये तासभर चालू ठेवली तर काही नाही. जागेवर उभी गाडी डिझेल पितेच किती? मी रस्त्यावर नेली की परत तेच रडगाणं. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ते हात पुसत म्हणाले, "एक बघितलं का तुमी? डिझेल भरून आणली की बरी चालते. मग हळूहळू बिघडते."

मी म्हणालो, "भूक लागत असेल तिला. तिला लाज नाही ना तुमच्यासारखी, भरपेट खाते."

ते हसले. मी बोललो की हसायचं, असं त्यांनी बहुतेक ठरवलं होतं.

मग तो दिवस आला. कंपनीतले आणि त्यांच्या ओळखीचे असे आठ-दहा जीपवाले मिळून कर्जतच्या पुढच्या डोंगरात कच्च्या रस्त्यावर जायचं ठरलं. मी महिनाभर बढाया मारल्या होत्या की माझी सगळ्यात जुनी, पण सगळ्यात दणकट, सगळं काम स्वतःच्या हाताने केलेलं. आदल्या दिवशी सासऱ्यांना विचारलं, "उद्या जाईल ना?" ते म्हणाले, "अजून सापडलेलं नाय, जावईबापू. लांब नेऊ नका." मी नेली. तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चढावर, अशा जागी की मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या. शेवटी अकाउंट्समधल्या कालच्या पोराने त्याच्या नव्या गाडीला दोर बांधून मला ओढत खाली आणलं. सगळ्यांनी फोटो काढले. एकजण म्हणाला, "साहेब, स्वतःच्या हाताने केलंय ना, दिसतंय." सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडात कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी खाली गेलो तेव्हा सासरे आधीच आलेले. बॉनेट उघडं, वर्तमानपत्र अंथरलेलं. वॉचमन बाजूला उभा होता, सोसायटीचे सेक्रेटरी गाडी धुऊन घेत होते, आणि बायको भाजी घेऊन गेटातून येत होती. म्हणजे कोणी बघणारं नाही अशी वेळ नव्हती. उलट मला बघणारे हवेच होते.

"रात्रभर विचार केला," सासरे म्हणाले. "इंजिनात काय नाय. पुढचं सगळं बघून झालं. आता मागून येऊ. टाकीचं झाकण जरा बघू का?"

ते मागच्या बाजूला चालत गेले आणि झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नका," मी ओरडलो.

त्यांचा हात तिथेच थांबला. झाकणापासून वीतभर लांब.

"झाकण बघतायत. गाडी डोंगरात बंद पडते आणि हे झाकण बघतायत. तुम्ही आयुष्यभर पंपाचे नट आवळले, गाडीतलं तुम्हाला काय कळतं? फिल्टर काढलात तेव्हापासून ही कटकट सुरू झाली. हवा नीट काढली नाहीत, आणि महिनाभर मला गोल गोल फिरवताय."

कटकट आधीची होती, फिल्टर नंतरचा. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, माझ्या बायकोलाही माहीत होतं, कारण ती ठाण्याच्या रस्त्यावर माझ्या शेजारी बसली होती. सेक्रेटरींनी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"इथे राहायचं तर राहा," मी म्हणालो. "खा, प्या, झोपा. पण गाडीला हात लावायचा नाही."

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, खायला-प्यायला तरी मिळतंय. पण मी नेमकं काय काढून घेतलं ते मला ठाऊक होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ते नव्हतं. शब्द मी निवडले होते.

ते "बरं" म्हणाले. बॉनेट लावलं. एकेक पाना फडक्याने पुसून डब्यात त्याच्या जागी ठेवला. वर्तमानपत्राची घडी घातली. मग डबा दोन्ही हातांनी उचलून जीपच्या मागच्या सीटखाली ठेवला. "गाडीला लागेल," म्हणाले आणि जिन्याने वर गेले. लिफ्ट चालू होती.

त्या दिवशी त्यांनी दोन चपात्यांच्या जागी एक घेतली. दुसऱ्या दिवशी अर्धी. बायको बोलली, रडली, मग चिडली. ते म्हणायचे, भूक नाय गं, वय झालं. चौथ्या दिवशी म्हणाले, गावाला भावाकडे जाऊन येतो, छपराचं काम निघालंय. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होतो. ती म्हणाली, "जाऊन या बाबा थोडे दिवस." ती माझ्या स्वभावाला कंटाळली होती, आणि माझ्याशी भांडण्यापेक्षा बापाला पाठवणं सोपं होतं. ट्रंक त्यांनी बरोबर नेली. थोड्या दिवसांसाठी ट्रंक कोण नेतं? आम्ही दोघांनीही तसं विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी मी एकटाच जीप घेऊन निघालो आणि पावण्याच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या भिंतीपाशी, ती बंद पडली. डिझेल तरी आहे का बघू म्हणून मी खाली उतरून टाकीचं झाकण फिरवलं. पंपावर दर वेळी झाकण पंपवाला काढायचा, मी स्टिअरिंगवर बसलेला असायचो. या वेळी ते माझ्या हातात होतं. झाकण सैल होताच फस्स करून मोठा आवाज झाला. टाकी हवा आत ओढत होती. श्वास कोंडलेला माणूस सोडल्यावर ओढतो तशी. झाकण उलटं केलं. आतली दुधाची पिशवी टाकीच्या बाजूला ओढली जाऊन वाटीसारखी फुगली होती.

झाकणाला मधे बारीक भोक असतं. डिझेल जेवढं संपेल तेवढी हवा त्यातून आत यावी म्हणून. मी पाणी बंद केलं तेव्हा हवाही बंद केली होती. डिझेल संपत जायचं, आत हवा यायची नाही, टाकी डिझेल धरून ठेवायची. झाकण उघडलं की परत सगळं ठीक. डिझेल भरून आणली की बरी चालते. म्हाताऱ्याने आजार सांगितला होता. आणि औषधापर्यंत त्याचा हात वीतभर राहिला असताना मी ओरडलो होतो.

मी तिथेच उभ्या उभ्या पिशवी उचकटून फेकून दिली. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. पनवेलपर्यंत नेली, परत आणली, एकदाही आचका नाही. मला आनंद झाला. हो, आधी आनंद झाला. मग सीटखालचा त्यांचा डबा आठवला. आणि घर येईपर्यंत मी काय सांगायचं ते ठरवलं होतं.

"सापडलं," मी बायकोला म्हणालो. "लाइनीत हवाच होती. तुझ्या बाबांनी नीट काढली नव्हती."

चोराच्या उलट्या बोंबा. तिने लगेच बापाला फोन लावला. बिचारीला वाटलं, वाद मिटला. "हो बाबा, हवाच होती. नाही, हे रागावलेले नाहीत. झाली गाडी चांगली." पलीकडून ते काय म्हणाले ते तिने मला सांगितलं: "जावईबापूंना सांग, माझ्यामुळे त्रास झाला."

तेव्हा तरी बोलायचं होतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, "असू दे, होतं कधीकधी." माफ केल्यासारखं.

मग एका रविवारी तिच्या हट्टाने आम्ही जीप घेऊन त्यांच्या गावी गेलो, माणगावच्या पुढे. भावाच्या घराच्या पडवीत त्यांची खाट होती, खाटेखाली ट्रंक. वाळले होते. जीपचा आवाज ऐकून ते आधीच अंगणाच्या कडेला येऊन उभे होते. माझ्याशी बोलण्याआधी त्यांनी बॉनेटवर हात ठेवून बघितला, मग चटकन काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"बघा ना," मी मोठ्या मनाने म्हणालो. "आता काय."

ते गाडीभोवती एक फेरी मारून मागे गेले. बायको आत काकूकडे गेली होती. मी बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. रबराखाली पिशवीची एक कड अडकून राहिली होती. घाईत मला दिसली नव्हती. त्यांनी नखाने ती ओढली. बोटभर लांबीचा पांढरा प्लास्टिकचा तुकडा, वर निळी छपाई. असल्या पिशव्या त्यांनी आमच्या बाल्कनीत रोज धुऊन वाळत घातल्या होत्या. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला. मग झाकणाच्या भोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी नजर वळवली नाही, याचं श्रेय मला देऊ नका. मान हलेना.

त्यांनी तुकडा शर्टाच्या खिशात घातला आणि झाकण परत घट्ट फिरवलं.

जेवताना बायकोने विषय काढलाच. "बाबा, तुम्ही उगीच मनाला लावून घेतलंत. ह्यांनी कधीच सोडून दिलंय."

"हो गं," ते म्हणाले. "माझीच चूक होती. हवा राहिली होती."

ते माझ्याकडे न बघता बोलले आणि मला हायसं वाटलं. आज हे लिहितानाही मला त्या हायसं वाटण्याची शिसारी येते, पण तेव्हा मी चक्क वरून वरण मागून घेतलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला होता. भावाच्या घरीसुद्धा.

निघताना बायकोने त्यांचा हात धरला. "चला ना परत. गाडीत जागा आहे. ट्रंक टाकू मागे."

मी सीटखालून पान्यांचा डबा ओढून पुढे केला. म्हटलं, निदान हा तरी घ्या. त्यांनी घेतला नाही. दोन बोटांनी मागे ढकलला.

"गाडी चालते ना आता नीट?" त्यांनी लेकीला विचारलं.

"चालते की."

"मग माझं काय काम तिथं?"

ती माझ्याकडे वळली. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली, तेही थांबले. मी गाडीत बसून सेल्फ मारला. एका सेल्फला सुरू झाली. त्यांनी मान तिरकी करून आवाज ऐकला, आणि ठीक आहे म्हणून हात केला.